कुऱ्हाड चुलीत घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरचा मी जुना वाचक, पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय, तेही नातीने मोबाईलवर मराठी टायपिंग शिकवलं म्हणून, त्यामुळे काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंनी घर सजवायचं असं एक पान आलं होतं. घंगाळात मनीप्लांट, जात्याच्या पाळूचं टीपॉय, कंदिलात एलईडी बल्ब, इथपर्यंत ठीक, ज्याची त्याची हौस. पण खाली कोपऱ्यात चौकट होती, जुन्या कुऱ्हाडीला नवा दांडा कसा बसवायचा त्याची. त्यात लिहिलं होतं की मोडका दांडा आत अडकून बसला असेल तर कुऱ्हाड सरळ विस्तवात टाका, लाकूड जळून नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, मोकळं होईल, मग बाजारातला रेडिमेड दांडा घाला, हलत असेल तर वरनं दोन खिळे ठोका, झालं.

साहेब, नाही हो झालं.

ज्याला ती भिंतीवर टांगायची आहे त्याने विस्तवात टाका नाहीतर तेजाबात टाका, मला काय करायचंय. पण तुमचा पेपर आमच्या पाटण तालुक्यात वाड्यावस्त्यांवरसुद्धा येतो आणि पेपरात छापून आलंय म्हटल्यावर माणसं खरं धरतात. माझ्या पुतण्याने धरलं. माळ्यावर माझ्या वडलांची कुऱ्हाड पडून होती, दांडा नेढ्यापाशीच मोडलेला, आत बोटभर लाकडाचं बूड घट्ट बसलेलं, वर तीन खिळे गंजून एकजीव झालेले. हा पठ्ठ्या म्हणाला तात्या तुम्ही बसा, मी करतो, आणि पाण्याच्या चुलीत रात्रभर निखाऱ्यात पुरून ठेवली. सकाळी बघतो तर लाकूड जळून गेलेलं आणि धार निळी-काळी पडलेली. मी कपाळाला हात लावला, तो म्हणतोय अहो निघालं की स्वच्छ!

आता यात बिघडलं काय ते सांगतो, कारण मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून बत्तीस वर्षं काढलीत आणि लोखंडाचं थोडंफार कळतं. कुऱ्हाडीच्या धारेला पाणी दिलेलं असतं, म्हणजे लोहाराने ती तापवून पाण्यात बुडवून कडक केलेली असते आणि मग तो कडकपणा मापात उतरवलेला असतो, नाहीतर काचेसारखी तुटेल. ते माप अडीचशे-तीनशे डिग्रीच्या आसपास ठरतं. चुलीतला चांगला फुललेला निखारा सहज सहाशे-सातशेच्या घरात जातो. म्हणजे रात्रभर निखाऱ्यात ठेवली की लोहाराची सगळी मेहनत उतरली, राहिलं ते नुसतं मऊ लोखंड. दिसायला कुऱ्हाड तीच, पण पुतण्याने बाभळीच्या गाठीवर दोन घाव घातले आणि धार चक्क वळली, पत्र्याची वळते तशी.

आणि ही कुऱ्हाड जुन्या पद्धतीची, सगळी पोलादाची नव्हे. अंग साध्या लोखंडाचं आणि धारेला पोलादाची पट्टी भट्टीत तापवून ठोकून जोडलेली. घासून साफ केली की जोडाची रेघ नीट दिसते. धार लावून लावून पट्टी झिजत जाते, आमचीत आता दोन बोटं उरलीय. हल्लीच्या कुऱ्हाडी बऱ्याचदा गाडीच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्याच्या पानातनं करतात, तेही चांगलं पोलाद असतं, ट्रकखाली आयुष्य काढलेलं, पण विस्तवात टाकलं की त्याचंही हेच होणार.

मग अडकलेलं लाकूड काढायचं कसं? उगाच फार काही लागत नाही. खालचा दांडा नेढ्याला लागून करवतीने कापायचा, आतल्या लाकडाला ड्रिलने चार-पाच भोकं पाडायची, खिळे असतील तर ते चुकवून, मग कुऱ्हाडीचं नेढं दोन विटांच्या फटीवर ठेवायचं, वरची बाजू खाली करून, आणि दांडा जिकडनं आत गेला त्या बाजूने जाड गजाने ठोकायचं. पाचर मारल्यामुळे लाकूड वरच्या बाजूला फुगलेलं असतं, ते वरनंच निघणार, उलट्या बाजूने किती बडवलं तरी आणखी घट्ट होतं. एवढं कळलं नाही म्हणून माणसं तास तास घाम काढतात आणि शेवटी वैतागून चुलीत टाकतात. ड्रिल नसेल तर आमच्या वडलांची पद्धत, धारेकडचा अर्धा भाग ओल्या चिखलात पुरायचा आणि नेढ्यावर तेवढा बारीक जाळ करायचा, चिखल वाळला की परत पाणी शिंपडायचं. पण त्याला उभं राहून लक्ष द्यावं लागतं, टाकून झोपायचं नसतं. ज्यांच्याकडे ग्राइंडर आहे त्यांनाही सांगणं, धार लावताना ठिणग्यांच्या नादात धार निळी पडेपर्यंत दाबू नका, चुलीत होतं तेच तिथे दोन मिनिटांत होतं. बादलीत बुडवत बुडवत लावा, नाहीतर सरळ कानस घ्या.

कानशीवरनं आठवलं, जुनी कुऱ्हाड सापडली की पाणी शिल्लक आहे का ते आधी कानशीनेच बघायचं. धारेवर हलकेच ओढायची. थोडी कचकच करत चावली तर चांगलं, नुसतीच घसरत गेली तर फार कडक, दगडावर लागली तर टवका उडेल, आणि लोण्यासारखी आत शिरली तर समजायचं की हिला आधीच कुणीतरी चुलीत घातलेली आहे.

तर पुतण्याला घेऊन बाजाराच्या दिवशी घिसाड्याकडे गेलो. आमच्या आठवडी बाजारात एक कुटुंब येतं, पूर्वी बैलगाडी असायची, आता टेम्पो आहे, भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आहे, बाकी ऐरण, घण तेच आणि घण मारायला बाईच असते हेही तेच. म्हाताऱ्याने कुऱ्हाड हातात घेतली, अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न, मिस्त्री, हिला कुणी भाजली? पुतण्या पलीकडे भजी बघायला लागला.

नंतर जे झालं ते त्या पोराने डोळे फाडून बघितलं आणि मला वाटतं तुमच्या वाचकांनाही आवडेल. आधी वळलेली धार तापवून सरळ केली. मग परत तापवली, डाळिंबासारखी लाल होईपर्यंत, आणि फक्त धारेकडची दोन बोटं पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढली. मागचं अंग अजून गरमच. दगडाच्या तुकड्याने धार घासून चकचकीत केली आणि सावलीत धरून बघत बसला. मागची ऊब हळूहळू पुढे सरकते आणि तसा चकचकीत भागावर रंग चढत येतो, आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, त्याच्या मागोमाग जांभळा. तपकिरी रंग धारेपर्यंत आला आणि जांभळ्याची नुसती झाक दिसली तशी फस्सकन अख्खी कुऱ्हाड पाण्यात. ना थर्मामीटर ना काही. वर्कशॉपमध्ये आम्हाला याचे तक्ते भिंतीवर लावलेले असायचे, कुठल्या रंगाला किती डिग्री, याच्या डोळ्यात तो तक्ता आहे. दीडशे रुपये घेतले. मी दोनशे देत होतो, घेतले नाहीत.

आता दांड्याचं. हा तुमच्या चौकटीतला दुसरा घोटाळा.

बाजारातला रेडिमेड दांडा घ्या असं तुम्ही म्हणता, मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बघितले की, पेंढीच्या पेंढ्या लावलेल्या. निलगिरीचे का सुबाभळीचे कुणास ठाऊक, दुकानदाराला पण माहीत नाही. हातात घेतला की जड लागतो, म्हणजे ओला. ओल्या लाकडाचा दांडा आज ठोकून बसवलात तर आज घट्टच बसणार, पण वैशाखाच्या उन्हात आकसला की कुऱ्हाड खुळखुळ्यासारखी वाजायला लागते. मग माणसं काय करतात, बादलीत बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, घट्ट होतं, पण नेढ्यात जागाच नसल्याने आतल्या आत चेपलं जातं, आणि परत वाळलं की आधीपेक्षा जास्त ढिलं. दर वेळी बुडवायची आणि दर वेळी आणखी ढिली करायची असा तो खेळ आहे. पाच-सहा वर्षांमागे आमच्या शेजाऱ्याच्या अशाच बुडवलेल्या कुऱ्हाडीचं पातं ऐन घावात निसटलं, गोठ्याच्या कुडातनं आरपार जाऊन म्हशीच्या पुढ्यात पडलं. म्हैस वाचली, माणूस वाचला, पण त्या दिशेला तेव्हा एखादं पोर खेळत असतं तर, हा विचार अजून येतो.

दुसरं म्हणजे लाकडाच्या रेघा. दांडा चांगला की वाईट हे रंधा मारून किती गुळगुळीत केलाय यावर नसतं. बुडाकडची बाजू डोळ्यासमोर धरायची, तिथे रेघा दिसतात, त्या धारेच्या दिशेने उभ्या असल्या पाहिजेत, आडव्या नकोत. आणि अंगावरच्या रेघा वरपासून खालपर्यंत सरळ जायला पाहिजेत. मधेच तिरक्या होऊन बाजूने बाहेर निघाल्या असतील तर दांडा त्याच तिरप्या रेघेवर मोडणार, आज नाहीतर उद्या. करवतीच्या गिरणीत फळीतनं कापून काढलेल्या दांड्यात हे हमखास असतं, कारण करवत स्वतःच्या वाटेने जाते, लाकडाच्या नाही. म्हणून आमच्याकडे जुनी माणसं ओंडका उभा फोडायची आणि फुटलेल्या फाकेचा दांडा तासायची. फुटताना लाकूड आपल्या रेघेनेच फुटतं. बारीक फांदी अख्खीच सोलून दांडा करतात तेही मला पटत नाही, तिच्या पोटात गाभा राहतो आणि वाळताना ती चिरते.

लाकूड कुठलं, तर आमच्या घाटमाथ्याकडे याचं उत्तर एकच, धामण. उन्हाळ्याच्या शेवटी काळी बारकी फळं येतात ती धामणं लहानपणी आम्ही खिसे भरभरून खाल्लीत. लाकूड चिवट आणि लवचिक, घाव बसला की हाताला झिणझिण्या येत नाहीत. पूर्वी कावडीला आणि धनुष्याला हेच लाकूड वापरायचे ते याच गुणासाठी. बाभूळ पण चालते, देशावर तीच, मजबुतीला तोड नाही पण जड आणि जरा कडक, संध्याकाळपर्यंत मनगटं बोलायला लागतात. साग मात्र नको. सागाचा दांडा म्हणून लोक कौतुकाने दाखवतात, अहो दारा-खिडक्यांना साग उत्तम, पण झटका खायचं काम त्याचं नाही, फटकन मोडतो.

माझ्या बांधावरच्या धामणीची एक जाड फांदी दोन वर्षांमागे वादळात पडली तेव्हा मी ती फोडून फाका माळ्यावर सावलीत टाकल्या होत्या, दोन्ही टोकांना मेण चोळून, म्हणजे टोकं लवकर वाळून चिरत नाहीत. त्यातली एक काढली. आमच्या वडलांच्या वेळी गावात सुतार होता, वर्षाला बैतं, म्हणजे कामाच्या बदल्यात ठरलेलं धान्य, द्यायचं आणि त्याने नांगरापासून दांड्यापर्यंत सगळं बघायचं. त्याच्या वाकसाचा, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचा, आवाज देवळापर्यंत यायचा. आता त्यांची मुलं पुण्यात मॉड्युलर किचन करतात, चांगले पैसे मिळवतात, त्यांना दोष कसला द्यायचा. तर वाकस मी चालवला, पुतण्याला हाताशी घेतला, दोघांचा मिळून अख्खा दिवस गेला.

नेढ्यात बसणारा भाग हे खरं काम. आपल्याला वाटतं की शिरला म्हणजे बसला, पण आतमध्ये दोन-तीन ठिकाणीच टेकलेला असतो आणि बाकी पोकळी. आम्ही वर्कशॉपमध्ये बेअरिंग बसवताना निळा रंग लावून बघायचो, जिथे टेकतं तिथे डाग येतो, तेवढंच खरवडायचं. इथे कंदिलाच्या काचेची काजळी नेढ्याच्या आतनं फासली. दांडा घालायचा, दोन ठोके मारायचे, काढायचा, जिथे काळं झालं तेवढंच फुटक्या काचेने खरवडायचं, परत घालायचा. पुतण्या आठव्या वेळेला कंटाळला. एकोणीस वेळा केलं, मी मोजलं. शेवटी आतला सगळा भाग एकसारखा काळा आला तेव्हा थांबलो. इथे घाईला आलेली माणसं सायकलच्या ट्यूबची पट्टी, पत्रा, चिंधी, नाहीतर हल्ली ती दोन गोळ्या मळून लावायची पुट्टी भरतात, त्यातलं काही टिकत नाही.

दांडा गोल नाही, अंड्यासारखा लांबट ठेवायचा, म्हणजे मुठीत फिरत नाही आणि अंधारातसुद्धा धार कुठे आहे ते हाताला कळतं. बूड थोडं फुगीर ठेवायचं, हातातनं सुटत नाही. पॉलिश, वॉर्निश काही नको, त्याने हाताला फोड येतात. जवसाचं कच्चं तेल चोळायचं, दर दोन दिवसांनी, पिईल तेवढं. आमच्याकडे करंजेल चोळायचे, किडा लागत नाही म्हणून, पण वास आठवडाभर जात नाही आणि आमच्या सूनबाई घरात येऊ देत नाहीत.

आता खिळ्यांचं. नेढ्यावर जे लाकूड दिसतं त्यात करवतीने आधीच एक चीर पाडून ठेवायची, नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश, आणि त्यात वाळलेल्या बाभळीच्या नारेची, म्हणजे आतल्या कडक लाकडाची, पातळ पाचर मारायची. पाचर लाकूड दोन्ही बाजूंना सारखं पसरवते. खिळा फक्त भोक पाडतो आणि फोडतो, वर गंजून आजूबाजूचं लाकूड खातो. वडलांच्या कुऱ्हाडीतले ते तीन खिळे मी त्यांच्या पश्चात माझ्याच हाताने मारलेले होते बरं का, तिशीत अक्कल कमी होती. दांडा त्यांच्यापाशीच मोडला.

पाचर मारायच्या आधीची एक गंमत सांगतो, ती मला वडलांनी दाखवली आणि मी पुतण्याला. दांड्यात कुऱ्हाड हलकी अडकवायची, मग दांडा उभा धरायचा पण उलटा, कुऱ्हाड खाली हवेत लोंबती, आणि वरनं दांड्याच्या बुडावर लाकडी मोगरीने ठोके मारायचे. कुणालाही वाटेल आता कुऱ्हाड गळून खाली पडणार. ती उलट वर चढते! प्रत्येक ठोक्याला थोडी थोडी, आवाज बदलत जातो, भद भद वरनं टण टण. दांडा झटक्यात खाली सरकतो आणि जड लोखंड असतं तिथेच राहायला बघतं, एवढंच आहे ते, शाळेत जडत्व म्हणून शिकवतात तेच. पुतण्या बी.एस्सी. आहे, त्याने तीनदा उतरवून परत चढवून बघितली. टिकावाला मात्र हे सगळं लागत नाही, त्याचा दांडा टोकाला जाड असतो, टिकाव मागच्या बारीक टोकाकडनं ओवून पुढे सरकवायचा, प्रत्येक घावाला आपोआप घट्ट होतो, पाचर नाही काही नाही. दोन्हींची गल्लत करून टिकावाच्या दांड्याला पाचरी मारणारे महाभाग पण बघितलेत.

नेढं ही चीज मुळात किती मोठी आहे ते एकदा ट्रिपला गेलो तेव्हा लक्षात आलं. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे गाव आहे, १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि देव सरांनी तिथे उत्खनन केलं, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती, तिच्या नावावरनं त्या काळालाच जोर्वे संस्कृती म्हणतात. तिथे तांब्याच्या कुऱ्हाडी सापडल्यात, चपट्या, नुसती पाती. त्यांना नेढंच नाही. म्हणजे दांडाच चिरून त्यात पातं घालायचं आणि वादीने आवळून बांधायचं असंच काहीतरी करत असणार. मला तर आधी त्या माणसाची दया आली, दर चार घावांनी बांधायला लागत असेल. आपल्याला आयतं नेढं मिळालंय तर त्यात आपण ट्यूबची पट्टी कोंबतोय.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण सगळ्यांना पाठ असते, राजकारणावरच्या प्रत्येक अग्रलेखात तुम्हीही ती वापरता, पण दांडा बसवता येणारा माणूस आमच्या आजूबाजूच्या पाच वाड्यांत आता मी धरून तिघं उरलोय आणि त्यातला मी सर्वात लहान, वय वर्षे सदुसष्ट.

तर विनंती अशी की त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत दुरुस्ती छापा. माझं पत्र लांबलंय, कापायला लागलं तर प्रवरेचं कापा, चुलीचं आणि खिळ्यांचं कापू नका. पुढच्या दोन महिन्यांत घरोघर पावसाळ्याची लाकडं फोडायला निघतील आणि माळ्यावरच्या कुऱ्हाडी खाली येतील, त्याच्या आत छापलंत तर उपयोग.

कळावे,
आपला एक वाचक,
निवृत्त फिटर, ता. पाटण, जि. सातारा

ता. क. ज्यांनी ती चौकट लिहिली त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्याकडे भिंतीवर खरोखर कुऱ्हाड असेल तर खाली उतरवून घेऊन या म्हणावं, धामणीची एक फाक माझ्याकडे अजून आहे. पण ही मागच्या दिवाळीत फोडलेली, अजून ओली आहे, दसऱ्यानंतरच या.